गोव्यात भाड्याची गाडी: पेट्रोल घेऊ की इव्ही?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुलदैवताला येतोय, मी, मिस्टर, सासू-सासरे आणि आठवीतला मुलगा. विमान मोपाला उतरतं, राहायचं मंगेशीजवळ एका होमस्टेत, चार रात्री. एक दिवस देवळं, एक दिवस जुनं गोवं आणि पणजी, एक दिवस काणकोणला पर्तगाळी मठ आणि जमलं तर पाळोळे बीच. सेल्फ ड्राइव्ह गाडीचे दोन रेट आलेत, पेट्रोल स्विफ्ट ऑटोमॅटिक दिवसाला १,८०० आणि नेक्सॉन इव्ही, ४५ युनिटची बॅटरीवाली, दिवसाला २,३००. मिस्टर म्हणतात इव्ही रुपया-दीड रुपयात किलोमीटर पळते, पेट्रोल सहा-सात रुपये खातं, डोळे झाकून इव्ही घ्या. सासरे म्हणतात मधेच बंद पडली तर रस्त्यातच आरती करावी लागेल. आता तुम्हीच सांगा कोणाचं ऐकू. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, मिस्टरांचा आकडा खोटा नाही, पण तो ज्याची स्वतःची गाडी आहे आणि जो रात्री स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्ज करतो त्याचा आकडा आहे. भाड्याच्या गाडीला मीटर कुठला? जिथे मिळेल तिथे चार्ज करायचं, म्हणजे बहुतेक वेळा पब्लिक फास्ट चार्जरवर, आणि तिथे युनिटला साधारण १५ ते २५ रुपये लागतात, वर १८ टक्के जीएसटी. आपण २० धरू, जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे. एसी लावून, पाच माणसं बसवून, गोव्याच्या चढ-उतारावर नेक्सॉन युनिटला साडेसहा किलोमीटर देईल असं धरा (कंपनीचा आकडा बघू नका, तो वेगळ्याच दुनियेतला असतो). म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ६३ पैसे झाले. रुपया-दीड रुपया नाही.

आता पेट्रोल. हिशोबासाठी लिटर ९७ धरू, पंपावर थोडं इकडे-तिकडे असेल. मुंबईपेक्षा आमच्याकडे पेट्रोल स्वस्त हे तुम्हाला माहीतच असेल, २०१२ साली पर्रीकर मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढूनच टाकला होता, लिटरमागे एकदम ११ रुपयांच्या आसपास उतरले होते, नंतर तो हळूहळू परत चढला पण महाराष्ट्राच्या मानाने अजून बरा आहे, सिंधुदुर्गातली माणसं अजूनही कामाला आली की टाकी इथेच भरून जातात. तर ९७ आणि ऑटोमॅटिक स्विफ्टचं खरं मायलेज १५ धरलं तर किलोमीटरला ६ रुपये ४७ पैसे. म्हणजे फरक झाला किलोमीटरमागे २ रुपये ८४ पैसे. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा खेळ यावर आहे.

तुमचं फिरणं किती ते बघू. मोपा ते मंगेशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. देवळांचा दिवस म्हणजे मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, हे सगळं फोंड्याच्या आसपासच आहे, कितीही रमतगमत फिरलात तरी चाळीसच्या वर जाणार नाही. पणजी-जुनं गोवं साठ. काणकोण लांब पडतं, फोंडा-मडगाव करून जाऊन येऊन, पाळोळे धरून १४५ पर्यंत. परत मोपा पंचावन्न. झाले ३५५, आणि मासळीच्या थाळीसाठी, औषधाच्या दुकानासाठी, रस्ता चुकण्यासाठी वरचे धरून ४०० म्हणा. चार दिवसांत ४००, म्हणजे दिवसाला १००.

पेट्रोल स्विफ्ट : भाडं ७,२००, पेट्रोल अंदाजे २,५९०, एकूण ९,७९० च्या घरात. नेक्सॉन इव्ही, सगळं चार्जिंग बाहेर : भाडं ९,२००, वीज १,४५०, एकूण १०,६५०. म्हणजे डोळे झाकून इव्ही घेतली तर साडेआठशे रुपये जास्त जातात. आता तीच गाडी होमस्टेच्या प्लगवर चार्ज केली आणि मालकिणीला युनिटला १० रुपये दिले (गोव्यात घरगुती वीज याहून स्वस्त पडते, त्यामुळे ती नाही म्हणायची नाही), तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहा टक्के धरूनसुद्धा ४०० किलोमीटरची वीज ६८५ रुपयांत होते. एकूण ९,८८५. स्विफ्टच्या बरोबरीत, शंभर रुपये इकडे-तिकडे.

म्हणजे कळीचा मुद्दा किलोमीटरला किती हा नाहीच. स्वतःची गाडी वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर पळते म्हणून तिथे ते दोन-चार रुपये डोंगराएवढे होतात. भाड्याच्या गाडीत तुम्ही रोज भाड्याचा ठोक आकडा भरता आणि गोवा म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जेमतेम १०५ किलोमीटर, कितीही फिरलात तरी बचत करायला रस्ताच पुरत नाही. दिवसाला १०० किलोमीटर फिरणाऱ्याने बाहेर चार्ज करायचं असेल तर इव्हीचं भाडं पेट्रोलपेक्षा २८० रुपयांपर्यंतच जास्त चालेल, मुक्कामाच्या ठिकाणी प्लग असेल तर ४७५ पर्यंत. त्याच्या वर गेलं की पैशाच्या दृष्टीने पेट्रोल. तुम्हाला ५०० जास्त सांगितलेत. तर फोन करा आणि २,१०० म्हणा, डिसेंबरचा पहिला आठवडा आहे, नाताळ अजून लांब आहे, गाड्या उभ्या असतात, ऐकतात. २,१०० ला मिळाली आणि प्लग मिळाला तर एकूण ९,०८५, सरळ सातशे रुपये वाचले.

अजून एक गोष्ट जी कोणी विचारत नाही आणि हिशोब तिथेच फिरतो : गाडी देताना टाकीत किंवा बॅटरीत किती देणार आणि परत घेताना किती मागणार? पेट्रोल गाडी गोव्यात बऱ्याचदा जवळजवळ रिकामी हातात देतात, एक-दोन काड्यांवर. तुम्ही पहिल्या पंपावर घाबरून दोन हजारांचं भरता, शेवटच्या दिवशी चार-पाच लिटर शिल्लक राहतं आणि ते मालकाला दान. पाच लिटर म्हणजे ४८५ रुपये हो. त्यामुळे पेट्रोल घेतलीत तर हजार-हजारचंच भरा, आणि परतीच्या दिवशी मोपाला जाण्यापुरतं आहे का एवढंच बघा. इव्हीत उलटं होऊ शकतं. गाडी ९० टक्के चार्ज करून देतात आणि परत घेताना काही मालक म्हणतात असू दे जेवढा असेल तेवढा, आमच्याकडे चार्जर आहे. असा माणूस भेटला तर दहा टक्के हाताशी राखूनसुद्धा ३६ युनिट फुकट मिळाले, म्हणजे तुमच्या ४०० पैकी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर फुकटात. पण दुसरा मालक म्हणेल ९० ला दिली तर ९० लाच परत पाहिजे, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार, आणि विमान सकाळी सातचं असेल तर पहाटे चार्जर शोधत बसा. तेव्हा हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी नको.

आता सासऱ्यांची काळजी. ४५ युनिट गुणिले साडेसहा म्हणजे पूर्ण बॅटरीवर २९० किलोमीटर. तुमचा सगळ्यात लांबचा दिवस १४५ चा. काणकोणला जाताना करमळ घाट लागतो, वळणंच वळणं आहेत, पण चढ एवढा नाही की बॅटरी संपावी, आणि पलीकडे उतरताना थोडी परतही मिळते. म्हणजे सकाळी ७० टक्क्यांवर निघालात तरी संध्याकाळी आरामात घरी. रात्री प्लग असेल तर विषयच संपला, कारण १५ अँपियरच्या साध्या सॉकेटवर गाडीसोबत येणारा चार्जर तासाला ३ युनिटांच्या जरा वर ओढतो, रात्री दहा ते सकाळी सात लावून ठेवली की २७ युनिट बॅटरीत जातात, १७५ किलोमीटर. तुमच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त. सासऱ्यांना सांगा आरती देवळातच होईल.

फक्त तो प्लग नीट बघून घ्या. होमस्टेवाल्या काकू "हो हो चार्जिंग आहे" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मोबाइलचं चार्जिंग असतं. विचारायचं असं की गाडी उभी राहते तिथे एसी किंवा गिझरला लागतो तसा मोठा प्लग आहे का, गाडीपासून किती लांब आहे, आणि त्याला अर्थिंग आहे का. जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो आणि मग रात्री साडेदहाला तुम्ही मालकाला फोन करता की गाडी खराब आहे, गाडी खराब नसते. खिडकीतून बारीक एक्स्टेंशन बोर्ड ओढून लावायचा तर अजिबात नाही, आठ-नऊ तास एवढा लोड घेतला तर वायर वितळते. मंदिराच्या अग्रशाळेत राहत असाल तर आधी ऑफिसात विचारा, पार्किंगमध्ये प्लग असतोच असं नाही.

आणि एक, तुम्ही पाच माणसं, विमानाच्या बॅगा, सासू-सासरे. स्विफ्टच्या डिकीत ते मावणार नाही, मुलाच्या मांडीवर बॅग येईल. तुम्ही छोटी गाडी आणि मोठी गाडी यांची तुलना करताय, पेट्रोल आणि इव्हीची नाही. नेक्सॉन नाहीतर ब्रेझा पेट्रोलचा रेट मागून बघा, तो बहुतेक इव्हीच्या जवळच निघेल, आणि मग इव्ही आपोआप स्वस्त पडेल. माझं मत विचाराल तर प्लगची खात्री झाली तर इव्ही घ्या. प्लग नाही असं कळलं तर मोठी पेट्रोल घ्या आणि मोकळे व्हा, सुट्टीत सासू-सासऱ्यांना चार्जरच्या शेजारी तासभर बसवून ठेवण्यात काय मजा.

जाता जाता, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त असतं. मंगेशीहून पणजीचा रस्ता तिथूनच जातो. त्या दिवशी काणकोण करा, पणजी दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : काका, आमची स्वतःची टियागो इव्ही आहे, २४ युनिटवाली. कोल्हापूरहून पणजीला तीन दिवस यायचंय, चौघं मित्र. घरचे म्हणतात घाटात इव्ही नेऊ नका, बसने जा आणि तिकडे पेट्रोल गाडी भाड्याने घ्या, दिवसाला १,६०० ला मिळते. घाट चढायला किती बॅटरी जाते याचं कोणी सरळ उत्तर देत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सरळ उत्तर देतो, शाळेतलं फिजिक्स पुरतं. टियागो साडेअकराशे किलोच्या आसपास, चौघं आणि सामान तीनशे, म्हणजे १,४५० किलो. आंबोली साधारण ६९० मीटर उंच, खाली दाणोलीकडून वर येताना साडेसहाशे मीटर चढायचे. वजन गुणिले उंची गुणिले गुरुत्वाकर्षण केलं की येतात अडीच युनिटांच्या जरा वर, मोटरमध्ये वाया जाणारी धरून ३ युनिट. बस. एवढ्यासाठी लोक घाबरतात. म्हणजे तुमच्या २४ युनिटांतला आठवा हिस्सा, वीसेक किलोमीटरची रेंज. आणि येताना तर तुम्ही कोल्हापूरहून घाट उतरणार, चढणार नाही, तेव्हा त्यातलं दीड-दोन युनिट ब्रेकवर परत बॅटरीत येईल आणि डिस्क तापणार नाहीत. रिजन (उतारावर किंवा ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत भरण्याची सोय) जास्तीवर ठेवा. बॅटरी अगदी फुल असताना उतारावर रिजन कमी होतं, पण आंबोलीपर्यंत येताना तुमची अर्धी संपलेलीच असेल त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

खरी अडचण घाट नाही, लांबी आहे. कोल्हापूर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली-सावंतवाडी-पणजी सव्वादोनशेच्या आसपास पडतं आणि तुमची गाडी युनिटला सात धरली तरी १६५-१७० ला संपते. म्हणजे मधे एकदा थांबायचंच. ते थांबणं घाट उतरल्यावर सावंतवाडीच्या बाजूला ठेवा, घाटाच्या वर कशाला, खाली येईपर्यंत उतार तुम्हाला फुकट आणतो. परत जाताना मात्र सावंतवाडीहून निघताना बॅटरी भरलेली पाहिजे, कारण आधी तीन युनिट घाट खाणार आणि वर लगेच चार्जर मिळेल या भरवशावर राहू नका. निघायच्या आदल्या दिवशी अॅपमध्ये तो चार्जर चालू दाखवतोय का ते बघा, आणि जवळचा दुसरा पण हेरून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर जाऊन-येऊन आणि गोव्यात फिरून ६०० किलोमीटर, ८६ युनिट. पहिले २४ घरून, बाकी बाहेर, एकूण १,७००-१,८०० रुपये. बसने येऊन भाड्याची पेट्रोल घेतली तर भाडंच ४,८००, वर १५० किलोमीटरचं पेट्रोल हजाराच्या जवळ, आणि चौघांची बसची तिकिटं वेगळी. इथे स्वतःची इव्ही घरात उभी करून भाड्याची पेट्रोल घेणं म्हणजे घरचा हापूस ठेवून बाजारातला तोतापुरी आणणं आहे. चौघांचा नाश्ता आणि चार्जिंग एकाच वेळी उरका म्हणजे तो तास कळणार पण नाही.

चार्जरच्या अॅपचं एक सांगतो, हे वरच्या ताईंनाही लागू. प्रत्येक कंपनीचं अॅप वेगळं, वॉलेट वेगळं. टाटा पॉवरचं वेगळं, स्टॅटिकचं वेगळं, जिओ-बीपीचं वेगळं. तीन ठिकाणी पाचशे-पाचशे टाकलेत तर ट्रिप संपल्यावर तिन्हींत दोन-तीनशे अडकून राहतात आणि ते खर्चात कोणी मोजत नाही. रस्त्यावर कोणाचे चार्जर जास्त आहेत ते आधी नकाशात बघा, दोनच अॅप घ्या, ओटीपी घरी बसूनच करून टाका. आणि ८० टक्क्यांनंतर प्लग काढा, पुढचे वीस टक्के इतके हळू भरतात की तेवढ्या वेळात पुढच्या गाववाल्याचा शाप लागतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र वागातोरला तीन दिवस येतोय. थार पेट्रोल ३,५०० रोज, विंडसर इव्ही २,६०० रोज. थारमध्ये मजा आहे पण बजेट टाइट आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मग थार नको, संपलं उत्तर. तरी आकडे देतो. वागातोरहून हणजुण, म्हापसा, मोरजी असं दिवसाला ७० फिरलात तर तीन दिवसांत २१०. थार पेट्रोल ऑटोमॅटिक तिथल्या गल्लीबोळात लिटरला नऊ देईल, म्हणजे पेट्रोल २,२६० आणि भाडं १०,५००. विंडसरचं भाडं ७,८००, बाहेरची वीज ७६०. फरक ४,२०० रुपये. पण त्यातले २,७०० भाड्यातून आलेत बरं का, विजेमुळे नाहीत, तेव्हा इव्हीने एवढे वाचवले असं सांगत सुटू नका. शिवाय थार चार जणांची गाडी आहे, पाचवा कुठे बसवताय? टपावर बसला की पोलीस आहेतच. आणि गाडी कुठलीही घ्या, बीचवर उतरवू नका. गोव्यात तो गुन्हा आहे, दर सीझनला कोणाची तरी भाड्याची गाडी वाळूत रुतते आणि भरतीचं पाणी दारापर्यंत येतं, मग दंड पोलिसांचा, टोइंग तुमचं, खाऱ्या पाण्याने गेलेल्या गाडीचं बिल पण तुमचंच.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातला, माझ्या दोन पेट्रोल गाड्या रेंट-अ-कॅबला आहेत. तिसरी इव्ही घ्यावी असं मुलगा म्हणतो. सरकार पण म्हणतं इलेक्ट्रिक घ्या. परवडेल काय? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : भाऊ, टॅक्सीवाल्याने इव्ही घेतली तर पेट्रोलचे वाचलेले पैसे त्याच्याच खिशात राहतात, म्हणून त्याचा हिशोब पटकन बसतो. तुमच्या धंद्यात गाडी तुमची, इंधन गिऱ्हाईकाचं. इव्हीला जास्त पैसे तुम्ही घालणार आणि बचत डोंबिवलीच्या ताई करणार. म्हणूनच तुमच्यासारखे सगळे इव्हीचं भाडं वर ठेवतात, आणि म्हणूनच वरचा हिशोब बरोबरीत येऊन अडकतो. पाचशे जास्त मागितलेत तर समजणारं गिऱ्हाईक देणार नाही, कारण कळंगुटला राहून दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याचे प्लगवर चार्ज करूनसुद्धा जेमतेम दोन-सव्वादोनशे वाचतात. तेवढेच जास्त मागता येतील असं धरून हप्ता बसतो का बघा.

तुमच्या बाजूने काय आहे? इव्हीवर जीएसटी ५ टक्के, छोट्या पेट्रोल गाडीवर आता १८. ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, आणि भाड्याच्या गाडीत क्लच कसा जळतो ते तुम्हाला मी काय सांगू. पीयूसी नाही. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड असते आणि पर्यटकाला पहिल्यांदाच तो पिकअप मिळालेला असतो. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार, तेव्हा शंभर टक्के भरून ठेवू नका, रिकामी पण नको, निम्म्यावर ठेवा आणि मधूनमधून चालवा, नाहीतर मोठी बॅटरी ठीक राहते आणि छोटी १२ व्होल्टची उतरते, मग दारसुद्धा उघडत नाही.

सरकारचं म्हणाल तर जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री सावंतांनी जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून नव्या येणाऱ्या पर्यटक गाड्या इलेक्ट्रिकच असतील. रस्त्यावर काळ्या पाटीच्या पेट्रोल गाड्या किती दिसतात ते तुम्ही रोज बघताच. घोषणेवर कर्ज काढू नका, आरटीओत जाऊन आजचा नियम काय ते लेखी विचारा, आणि मगच बुकिंगची रक्कम भरा.

घेतलीतच तर एक करा, मोपाच्या आसपासच्या आठ-दहा होमस्टेवाल्यांना स्वतःच्या खर्चाने अर्थिंगवाला १५ अँपियरचा पॉइंट बसवून द्या. गाडी भाड्याने देताना "तुमच्या होमस्टेत प्लग आहे, मी बघितलाय" एवढं म्हणता आलं की गिऱ्हाईकाची निम्मी भीती जाते. हे अजून फारसं कोणी करत नाही.

प्रश्न : भाड्याची गाडी कायदेशीर आहे हे कसं ओळखायचं? इव्हीची पाटी तर हिरवीच असते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या पेट्रोल-डिझेल गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीवरची खासगी गाडी कोणी "अमुक शेठची आहे, काळजी नको" म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमावाले हात वर करतात आणि पोलिसांनी अडवली तर सुट्टीचा दिवस चौकीत. इव्ही सगळ्या हिरव्या पाटीच्या, खासगीची अक्षरं पांढरी आणि भाड्याच्या वापराची पिवळी, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, आरसीचा फोटो मागा आणि ती भाड्याच्या वापरासाठी नोंदलेली आहे का ते वाचा. विम्याचा कागद पण. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, इव्ही असेल तर चार्जर आणि केबल पण त्यात दिसू दे, हरवली तर काही हजारांचा खड्डा पडतो. गोव्याबाहेर, म्हणजे मालवण किंवा कारवारला, बहुतेक मालक गाडी नेऊ देत नाहीत, जायचं असेल तर आधी बोलून ठेवा.

प्रश्न : जुलैत येतोय. गोव्याच्या पावसात इव्ही चालवली तर शॉक बसतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही बसत. बॅटरीचा डबा सीलबंद असतो, बहुतेक गाड्यांत आयपी ६७ चा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल इतका. पण रस्त्यावर किती पाणी आहे ते वरून दिसत नाही, आणि खड्डा इव्हीला पण तितकाच लागतो. चार्जिंग छपराखाली करा. पावसाळ्यात लाइट जाते, त्यामुळे उद्यावर ढकलू नका, मिळाली की लावा. आणि जुलैत भाडं एवढं उतरलेलं असतं की पेट्रोल-इव्हीच्या फरकात डोकं घालण्यापेक्षा दोघांनाही शेवटचा रेट विचारा, जो आधी खाली येईल त्याची गाडी घ्या.